तारा बदलल्या तरी त्रास तोच: अकूस्टिक गिटारच्या तारांचा ताण कुठे चुकतो?

बोटं दुखतात म्हणून बारीक तारा लावल्या. दुखणं थोडं कमी झालं, पण जरा जोरात वाजवलं की तारा झणझणायला लागल्या. झणझण जावी म्हणून परत जाड तारा आणल्या. महिनाभरात तारा फ्रेटबोर्डपासून उचलल्यासारख्या वाटू लागल्या आणि बोटांची गत पुन्हा तीच. मग कुणीतरी वेगळ्या कंपनीच्या तारा सुचवल्या. त्याही लावून झाल्या.

गिटार शिकवताना ही फेरी मी इतक्या जणांची पाहिली आहे की आता कुणी ‘तारांचा कोणता नंबर घेऊ?’ असं विचारलं की मी आधी गिटार बघायला मागतो.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने चार महिन्यांत बाराचा, अकराचा आणि दहाचा (आकडा जितका मोठा तितक्या तारा जाड) असे तीन सेट लावून पाहिले. एफ कॉर्ड तरीही लागत नव्हती. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) बोट आडवं टाकलं की दुसरी आणि तिसरी तार मुकी व्हायची. आपल्या बोटांत जोरच नाही, अशी तिची पक्की समजूत झाली होती. मी पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला आणि तीच पकड एक घर पुढे धरायला सांगितली. सहाही तारा स्वच्छ वाजल्या. तिने आणखी दोनदा वाजवून खात्री केली आणि म्हणाली, “सर, मग इतके दिवस मी झटत कशाशी होते?”

ती नटशी, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीशी, झटत होती. नटच्या खाचा उथळ होत्या, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर तारा गरजेपेक्षा खूप वर राहत होत्या. कॅपो लावला की नटचा संबंध संपतो, म्हणून तीच बोटं, तोच हात, पण कॉर्ड लागली. तारांचा नंबर बदलून हा दोष कधीच गेला नसता.

ताण ठरतो कशावर?

तीन गोष्टींवर: तारेची लांबी, तिचं वजन आणि ती किती उंच सुरात लावली आहे. हे नियम मारँ मेर्सेन या फ्रेंच विद्वानाने १६३६ साली लिहून ठेवले आणि आजही प्रत्येक तार त्याच नियमांनी चालते. गिटारची लांबी ठरलेली असते, सूरही ठरलेले असतात. आपल्या हातात उरतं ते वजन, म्हणजेच जाडी.

‘बाराचा सेट’ म्हणजे ज्याची पहिली, सर्वांत बारीक तार इंचाच्या १२ हजारांश जाडीची आहे तो. दहा आणि बारा यांत फरक फक्त दोन हजारांशांचा, म्हणून तो क्षुल्लक वाटतो. पण वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. त्यामुळे त्याच सुरात लावलेल्या पहिल्या तारेवरचा ताण दहावरून बारावर जाताना ४४ टक्क्यांनी वाढतो, साधारण सात किलोवरून साडेदहा किलोवर. बोटाला जाणवतो तो हा फरक.

सहाही तारांची बेरीज केली तर दहाच्या सेटचा ताण ६० किलोच्या आसपास भरतो, बाराच्या सेटचा ७३-७४ आणि तेराच्या सेटचा ८४ च्या जवळ. हे ओझं रात्रंदिवस एका पातळ लाकडी फळीवर आणि एका अरुंद नेकवर असतं. गिटार कोपऱ्यात उभी असते तेव्हाही ती ओढली जात असते. म्हणून नंबर बदलला की फक्त तारा बदलत नाहीत, नेकचा बाक, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) आणि सूर तिन्ही हलतात. वर सांगितलेली फेरी संपत नाही ती यामुळेच: आपण एक गोष्ट बदलतो आणि तिच्यामुळे हललेल्या तीन गोष्टी तशाच सोडून देतो.

नवीन सेट घेण्याआधी

सर्वांत आधी ट्यूनर नीट बघा. बहुतेक ट्यूनर कोणत्याही स्वरावर हिरवे होतात. हिरवं दिसलं म्हणजे तार बरोबर लागली असं नसतं, वर अक्षर कोणतं आलंय ते वाचावं लागतं. पहिली आणि सहावी तार ‘ई’ऐवजी ‘एफ’वर आणि बाकीच्या त्याच हिशोबाने एकेक अर्धस्वर वर लावलेली गिटार मी एकदा नाही, अनेकदा पाहिली आहे. एक अर्धस्वर वर म्हणजे १२ टक्के जास्त ताण. बाराचा सेट असा चढवला तर हाताला तो जवळजवळ तेराच्या सेटसारखा लागतो. ट्यूनरवर ‘ए’ ४४० हर्ट्झला आहे ना, तेही पाहून घ्या. चुकून बटण दाबलं जाऊन तो आकडा सरकलेला असू शकतो.

मग कॅपोची चाचणी, वर सांगितली तीच. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावल्यावर कॉर्ड सहज लागत असतील तर दोष नटचा. खात्रीसाठी तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती जागा उरते ते उजेडात बघा. तिथे केसाएवढी फट असावी, वरून टिचकी मारली की बारीकसा ‘टिक्’ आवाज यावा. जाड कागद आरामात सरकत असेल तर खाच खोल करायला हवी. आणखी एक खूण आहे. उघड्या तारा सुरात असूनही पहिल्या दोन घरांतले कॉर्ड बेसूर, थोडे चढलेले लागतात. उंच नटवर तार दाबताना ती जास्त ताणली जाते म्हणून असं होतं. कान चांगला असलेल्या नवशिक्याला हे फार छळतं आणि त्याला वाटतं आपणच चुकतोय.

नटच्या खाचा घासायचं काम सरावाच्या माणसाकडून करून घ्या. त्यासाठी त्या-त्या जाडीच्या कानशी लागतात आणि खाच जास्त खोल गेली तर नट नवाच बसवावा लागतो.

तिसरी चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती ताणाचा प्रश्न एक पैसा न घालवता सोडवते. सगळ्या तारा एक अर्धस्वर उतरवा: ई, ए, डी, जी, बी, ई ऐवजी ई फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅट, जी फ्लॅट, बी फ्लॅट, ई फ्लॅट. ताण ११ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे बाराचा सेट अचानक ६५-६६ किलोंवर येतो, अकराच्या सेटच्याही थोडा खाली. आठवडाभर असंच वाजवा. मूळ सूर हवा असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. आठ दिवसांत बोटांना खरंच बरं वाटलं आणि आवाजही आवडला, तर तुम्हाला कमी ताण हवा आहे, बारीक सेट बेलाशक घ्या. काही फरक पडला नाही तर बारीक तारांनीही पडणार नाही. मग ॲक्शनकडे वळा.

उलटा प्रयोग मात्र करू नका. जाड तारांचा अंदाज घ्यायला तारा वर चढवल्या तर जुनी तार तुटते आणि ब्रिजवर (बॉडीवर तारा अडकवायच्या लाकडी तुकड्यावर) विनाकारण भार येतो.

झणझण कुठून येते ते ऐका

बारीक तारा दोन कारणांनी झणझणतात. एक, कमी ताणाची तार त्याच फटक्याला जास्त हेलकावे खाते. दोन, ओढ कमी झाल्यामुळे नेक मागे सरळ होते आणि तार फ्रेटच्या आणखी जवळ येते. दोन्ही एकाच वेळी घडतात, म्हणून बारावरून दहावर आलेल्या गिटारची झणझण पाहून लोक ‘तारा खराब निघाल्या’ म्हणतात. तारांचा त्यात दोष नसतो.

आता एकेक तार प्रत्येक घरात वाजवत वर जा. घाई नको. उघडी तार झणझणते पण पहिलं घर दाबलं की थांबते, तर नटची खाच जास्त खोल आहे, किंवा जाड तारेसाठी कापलेल्या रुंद खाचेत बारीक तार सैल बसली आहे. पहिल्या चार-पाच घरांत झणझण असेल तर नेक गरजेपेक्षा सरळ झालेली आहे. बाराव्या घराच्या आसपास आणि वर असेल तर सॅडल (ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) खाली गेलं आहे, क्वचित नेक फार वाकलेली आहे. एकाच घरात असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट वर उचललेला असण्याचा संभव जास्त.

नेकचा बाक मोजायला साधन लागत नाही, तारच पट्टीचं काम करते. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, सहावी तार जिथे नेक बॉडीला मिळते तिथे, बहुधा चौदाव्या फ्रेटवर, दाबून धरा आणि मध्ये, सहाव्या-सातव्या फ्रेटवर, तारेखालची फट बघा. पाव मिलीमीटर किंवा त्याहून किंचित कमी असली की ठीक. फट अजिबात नसेल तर नेक सरळ किंवा मागे वाकलेली आहे, ट्रस रॉड (नेकमधला, तिचा बाक कमी-जास्त करणारा धातूचा दांडा) सैल करावा लागेल. अर्ध्या मिलीमीटरच्या पुढे असेल तर तो आवळावा लागेल. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. पुन्हा सुरात लावा, थोडा वेळ जाऊ द्या, मग मोजा. किल्ली जड लागली तर तिथेच थांबा. ट्रस रॉड तुटला तर ती दुरुस्ती गिटारच्या किमतीच्या बाहेर जाऊ शकते.

बाक ठीक झाल्यावरच ॲक्शन मोजायची, हा क्रम उलटा करू नका. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली २.४ मिलीमीटर आणि पहिल्या तारेखाली १.८ मिलीमीटरच्या आसपास अंतर बहुतेक हातांना मानवतं. जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याला थोडं जास्त लागेल. अंतर साडेतीन मिलीमीटर असेल तर दहाचा सेट लावूनही बोटं दुखणारच. सॅडल खालून घासून हे कमी करता येतं. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलीमीटर कमी करायचा तर सॅडल एक मिलीमीटर घासावं लागतं. तळ अगदी सपाट राहायला हवा, खाली पिकअप असेल तर विशेषच.

एवढं करूनही ॲक्शन वाढतच असेल तर ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा. कागद आत गेला तर ब्रिज उचलायला लागला आहे. तारा लगेच सैल करा आणि गिटार दुरुस्तीला द्या. मी स्वतः एकदा मोठ्या आवाजाच्या मोहाने हलक्या बांधणीच्या एका गिटारला तेराचा सेट लावला होता. आवाज खरंच भरदार आला, दोन-तीन महिने मी खूश होतो. मग एका सकाळी ब्रिजच्या मागे फळी फुगलेली दिसली आणि ध्वनिछिद्राच्या बाजूला ती बसलेली. ब्रिज पुन्हा चिकटवून घेतला, पण फळीचा फुगवटा पूर्ण गेला नाही. ती गिटार आता अकराच्या सेटवर आहे. तिच्याशी मी जे केलं त्याची हळहळ अजून वाटते.

हवेचाही हात असतो. दमट हवेत फळी फुगते, ॲक्शन वाढते. कोरड्या हवेत ती बसते आणि झणझण सुरू होते. दर वर्षी ठरावीक दिवसांत त्रास परत येत असेल तर तारा बदलू नका, आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहील अशी सोय करा.

मग नंबर कोणता?

पूर्ण आकाराच्या, स्टीलच्या तारांच्या बहुतेक गिटारी बाराच्या सेटचा हिशोब धरून बांधलेल्या आणि जुळवलेल्या असतात. म्हणून काही विशेष कारण नसेल तर माझं उत्तर बारा. बोटं कोवळी आहेत, बोटांनी वाजवता, बेंड घ्यायला (तार बाजूला ओढून सूर चढवायला) आवडतं किंवा गिटारची बॉडी लहान आहे, तर अकरा. अकरा हा फार गुणी सेट आहे आणि नवशिक्यांना मी दहाऐवजी बहुधा तोच सुचवतो. दहाच्या सेटवर मोठ्या बॉडीची गिटार पातळ वाजते, फळीला हलवायला पुरेसा जोरच मिळत नाही. शिवाय हलक्या ताणावर बोट जरा जास्त दाबलं गेलं की सूर चढतो, आणि नवशिक्याचं बोट जास्तच दाबतं.

तेरा फक्त भक्कम बांधणीच्या गिटारला, आणि तीही बनवणाऱ्याने चालेल म्हटलं असेल तरच. एक अपवाद मी आनंदाने करतो: तारा उतरवून वाजवणाऱ्यांचा. एक पूर्ण स्वर उतरवला की त्या तारेचा ताण जवळजवळ २१ टक्क्यांनी कमी होतो. डी-ए-डी-जी-ए-डी सुरावटीत पहिली, दुसरी आणि सहावी अशा तीन तारा उतरतात, तिथे बाराचा सेट लिबलिबीत वाटत असेल तर तेरा शोभतो.

गिटारची लांबी विसरू नका. नटपासून सॅडलपर्यंत २५.४ इंच असलेल्या गिटारच्या तुलनेत २४.९ इंचांच्या गिटारवर तोच सेट चार टक्के सैल लागतो. प्रवासासाठीच्या २३ इंचांच्या छोट्या गिटारवर तर जवळपास १८ टक्के. छोट्या गिटारला ‘छोटी आहे’ म्हणून दहाचा सेट लावतात आणि मग ती सतत बेसूर होते, ते यामुळे. तिला बाराच लावा.

फक्त काही ताराच खटकत असतील तर पूर्ण सेट बदलायची गरज नाही. वरच्या तारा बाराच्या सेटमधल्या आणि खालच्या तेराच्या सेटमधल्या असे मिश्र सेट तयार मिळतात. खर्ज भक्कम आणि वरचे सूर मऊ हवे असतील तर ते उत्तम. इलेक्ट्रिक गिटारचा सेट मात्र नको. त्यात तिसरी तार बहुधा साधी, वेढे नसलेली असते आणि अकूस्टिकच्या सॅडलवर ती सुरात बसत नाही. ताण कमी हवा पण तारा फार बारीक नकोत, अशांनी रेशीम आणि स्टीलचा सेट वापरून पाहावा. आवाज मवाळ येतो, बोटं सुखावतात. फॉस्फर ब्राँझ की साधं ब्राँझ हा आवाजाचा प्रश्न आहे, त्याच जाडीत ताणात फारसा फरक नसतो.

तारा वारंवार तुटतात म्हणून जाड घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. साधी तार ओढीने तुटण्याचा धोका जाडीने बदलत नाही. जाड तारेवर ताण जास्त, पण तो पेलायला पोलादही त्याच प्रमाणात जास्त. तुटलेली तार हातात घ्या आणि टोक बघा. सॅडलवर तुटत असेल तर तिथे धार आहे. नटपाशी तुटत असेल तर खाच अडकवते आहे, सूर लावताना ‘टिक्’ आवाज येतो तोच तिचा पुरावा. त्या खाचेत पेन्सिलचं शिसं घासा आणि धार बारीक पॉलिश पेपरने घालवा.

दोन ठिकाणी प्रयोग करूच नका. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा लावू नका, कोणत्याही नंबरच्या. तिची फळी साधारण ४० किलोंसाठी बांधलेली असते आणि अशा बहुतेक गिटारींत ट्रस रॉडही नसतो. तिथे ताण कमी-जास्त हवा असेल तर ‘नॉर्मल टेन्शन’ आणि ‘हार्ड टेन्शन’ असे सेट मिळतात, त्यांतून निवडा. दुसरं म्हणजे जुनी गिटार. मार्टिनसारख्या कंपनीनेही फिरवता येणारा ट्रस रॉड १९८५ मध्ये आणला, त्यामुळे तिच्या त्याआधीच्या गिटारची नेक तारांमुळे वाकली तर किल्लीने सरळ करता येत नाही. अकरापासून सुरुवात करा.

नंबर बदलल्यावर तारा सुरात लावून एक दिवस थांबा. नेकला नव्या ओढीत स्थिरावायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी बाक, ॲक्शन आणि बाराव्या फ्रेटचा सूर, या क्रमाने बघा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, फक्त स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेली तार ट्यूनरवर एकच सूर दाखवायला हवीत. दाबलेली तार चढी लागत असेल तर बहुधा ॲक्शन वर आहे. आधीचा आणि नंतरचा आकडा कागदावर लिहून केसमध्ये ठेवा, पुढच्या वेळी अंदाज बांधत बसावं लागत नाही.

त्या मुलीच्या गिटारच्या खाचा नंतर खोल करून घेतल्या, दहाचा सेट काढला आणि अकराचा लावला. नेक किंचित पुढे आली आणि पाचव्या घरात तिला येणारी झणझण आपोआप गेली, ट्रस रॉडला हातही लावावा लागला नाही. तिच्या केसमधल्या कागदावर आता लिहिलं आहे: अकराचा सेट, बाराव्या फ्रेटवर सहावी २.३, पहिली १.८.